सॉफ्टवेअर एकदाच घेतलं ना, मग दरवर्षी एएमसीचं बिल कशाचं? नगरपरिषदेच्या खर्चाबद्दल मदत हवी आहे

नदीकाठचा_रहिवासी

नमस्कार मंडळी, मी एका क वर्ग नगरपरिषदेच्या गावात राहतो, गावाचं नाव मुद्दाम देत नाही कारण विषय कुणा एकाला पकडायचा नाहीये, मला समजून घ्यायचंय. आमच्या वॉर्डातल्या आम्ही चार-पाच जणांनी माहिती अधिकारात घरपट्टी-पाणीपट्टीच्या सॉफ्टवेअरवर झालेल्या खर्चाचे कागद मागवले होते, ते मागच्या महिन्यात मिळाले. त्यात असं दिसतं की २०१४ साली सॉफ्टवेअर १४ लाखाला घेतलं, पहिलं वर्ष वॉरंटी, आणि २०१५-१६ पासून दरवर्षी वार्षिक देखभाल म्हणजे एएमसी, ती मूळ किमतीच्या १८ टक्के म्हणजे २ लाख ५२ हजार, आणि करारातच लिहिलंय की दरवर्षी १० टक्के वाढ. मी रात्री बसून कॅल्क्युलेटरवर बेरीज केली तर २०२३-२४ पर्यंतच्या नऊ वर्षांत जवळपास ३४ लाख २० हजार होतात, टॅक्स सोडून! नवव्या वर्षाचं एकट्याचं बिल ५ लाख ४० हजार. म्हणजे वस्तू १४ लाखाची आणि ती राखायला ३४ लाख.

आता मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, माझं आयुष्य शेतीच्या औजारांच्या दुकानात गेलं. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग मला कळते, त्यात ऑइल बदलतात, फिल्टर बदलतात, पार्ट झिजतो. सॉफ्टवेअर झिजतं का? त्याला दरवर्षी काय करतात? आणि जर खरंच काही करत असतील तर ते कागदावर कुठे दिसायला पाहिजे? मिळालेल्या कागदांत फक्त करार आणि बिलं आहेत आणि प्रत्येक बिलावर "सेवा समाधानकारक" असा शिक्का आणि सही, बाकी काही नाही. याशिवाय "डेटाबेस लायसन्स नूतनीकरण" म्हणून एक वेगळी रक्कम दोन वर्षांत दिसते, ती एएमसीत का नाही तेही कळलं नाही.

आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, शाळा नंबर २ च्या वर्गात पावसात बादली ठेवतात. म्हणून हे पैसे कुठे जातात ते नीट कळावं असं वाटतं, कुणावर आरोप करायचा नाही. जाणकारांनी सांगावं.

---

डीबीए_हडपसर

काका प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलाय. मी १६ वर्षं डेटाबेसचं काम करतोय, त्यातली ५ सरकारी प्रोजेक्टवर, तर जेवढं माहितीये तेवढं सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की "एएमसी" या एका शब्दाखाली दोन-तीन वेगळी बिलं लपलेली असतात. एक म्हणजे तुमच्यासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरची देखभाल, म्हणजे बग (प्रोग्राममधल्या चुका) काढणं, माणूस पाठवणं, बॅकअप बघणं. दुसरं म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या खाली जे दुसऱ्या मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर असतं, डेटाबेस (सगळी माहिती साठवणारं सॉफ्टवेअर), सर्व्हरचं विंडोज वगैरे, त्याच्या लायसन्सचा सपोर्ट, ज्याला कागदावर बऱ्याचदा एटीएस लिहितात. तिसरं म्हणजे हार्डवेअर, सर्व्हर, यूपीएस, प्रिंटर. तुमचं "डेटाबेस लायसन्स नूतनीकरण" हे बहुतेक दुसऱ्या प्रकारातलं आहे, म्हणून ते वेगळं दिसतंय, त्यात लगेच काही काळंबेरं आहे असं नाही.

आता लायसन्स म्हणजे काय, तर तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेत नाही, ते वापरायची परवानगी घेता. परपेच्युअल लायसन्स असेल तर परवानगी कायमची, पण नवीन व्हर्जन, सुरक्षेचे पॅच, अडचण आली तर फोन उचलणारा माणूस हे सगळं सपोर्ट चालू असेल तरच. डेटाबेस विकणाऱ्या ओरॅकल कंपनीचा सपोर्ट वर्षाला लायसन्सच्या निव्वळ किमतीच्या २२ टक्के असतो, हे जगभर उघड आहे. सॅप या दुसऱ्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने २००८ साली सपोर्टचा दर १७ वरून २२ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या गिऱ्हाइकांनी केवढा आरडाओरडा केला होता, मग कंपनीला ती वाढ हळूहळू करावी लागली. २२ टक्के म्हणजे साडेचार-पाच वर्षांत तुम्ही लायसन्सची किंमत पुन्हा एकदा भरता. त्यामुळे तुमचे १८ टक्के हा आकडा ऐकून मला धक्का बसला नाही. मला खटकली ती दरवर्षीची १० टक्के चढती वाढ. ९ वर्षांत बिल दुपटीच्या वर जातं आणि काम तेवढंच राहतं, उलट जुन्या सॉफ्टवेअरमधले बग पहिल्या दोन वर्षांत निघून गेलेले असतात.

आणि बंद करू म्हटलं तर तेही सोपं नाही. ओरॅकलचंच उदाहरण, मध्येच सपोर्ट सोडलात आणि नंतर परत हवा झाला तर मधल्या काळाचे पैसे शेवटच्या वार्षिक रकमेच्या दीडपट दराने भरावे लागतात. म्हणून ऑफिसातला कुणीच अधिकारी "या वर्षी नको" असं टिपणीवर लिहायला धजत नाही. व्हीएमवेअर ही सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतल्यावर तर डिसेंबर २०२३ मध्ये परपेच्युअल लायसन्सची विक्रीच बंद केली, ज्यांनी कायमची लायसन्सं घेऊन ठेवली होती त्यांना नुसता सपोर्ट रिन्यू करता येईना, सबस्क्रिप्शन घ्या म्हणाले. सरकारी डेटा सेंटरं पण यात सापडली, खाजगी पण.

तुम्ही विचारलंत सॉफ्टवेअर झिजतं का. ते स्वतः झिजत नाही, त्याच्या आजूबाजूचं बदलतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता ज्या ऑफिसात जुने पीसी आहेत तिथे एक तर पीसी बदला नाहीतर पैसे भरून पॅच घ्या, मायक्रोसॉफ्टचा व्यावसायिक दर पहिल्या वर्षी पीसीमागे ६१ डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. २०१४ साली विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद झाला तेव्हा ब्रिटनच्या सरकारने एका वर्षाच्या जादा सपोर्टसाठी साडेपाच मिलियन पौंड मोजले होते. वेळेत बदललं नाही की असं होतं.

---

खिडकी_क्रमांक_३

मी दुसऱ्या एका नगरपरिषदेत कर विभागात आहे, बारा वर्षं झाली, खिडकीवर बसते. वरचं सगळं वाचलं आणि थोडं आमच्या बाजूचंही लिहावंसं वाटलं कारण असे प्रश्न आले की शेवटी "एएमसी बंद करा" असं ठरतं आणि मग भोगतो आम्ही आणि लायनीतले लोक.

आमच्याकडे एका वर्षी एएमसीची फाईल अडकली होती, लेखा विभागाने वाढीबद्दल शंका काढली, फाईल वर-खाली होत राहिली, करार संपला, नवीन सही झाली नाही. आणि २८ मार्चला सर्व्हर बसला. मार्च एंडची वसुली म्हणजे काय असतं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल, शास्ती लागू नये म्हणून लोक शेवटच्या आठवड्यात येतात, सकाळी नऊपासून रांग, म्हातारी माणसं, बायका कडेवर पोर घेऊन. कंपनीला फोन केला तर म्हणाले आधी रिन्यूअलची ऑर्डर पाठवा. तीन दिवस आम्ही हाताने पावत्या फाडल्या, थकबाकी किती ते मागच्या वर्षीच्या छापील मागणी रजिस्टरवरून बघायची, शास्ती कॅल्क्युलेटरवर काढायची. नंतर एप्रिलभर त्या पावत्या सिस्टिममध्ये चढवत बसलो, आणि त्यात चुका झाल्या, एका आजोबांनी भरलेली पट्टी पुढच्या वर्षी पुन्हा थकबाकीत दिसली, ते पावती घेऊन आले आणि रडायला आले हो. ती पावती माझ्याच हातची होती. मला अजून आठवतं.

तर नदीकाठचे काका, देखभाल लागते. पण तुम्ही जे म्हणता ना, की कागदावर काय दिसायला पाहिजे, ते अगदी खरं आहे. आमच्याकडे इंजिनीअर यायचा महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांनी, अर्धा तास बसायचा, आणि वर्षाच्या शेवटी बारा महिन्यांच्या सर्व्हिस रिपोर्टवर एकाच दिवशी एकाच पेनाने सह्या घेऊन जायचा. मी एकदा विचारलं की जुलैत तर तुम्ही आलाच नव्हतात, तर म्हणे मॅडम फोनवर केलं ना काम.

अजून एक. घरपट्टीची फेरआकारणी चार वर्षांनी होते, तेव्हा दर बदलतात, झोन बदलतात, सॉफ्टवेअरमध्ये बदल करावा लागतो. आम्हाला वाटायचं हे एएमसीत येतं. कंपनी म्हणाली नाही, हे "चेंज रिक्वेस्ट" आहे, वेगळं कोटेशन. करार काढून बघितला तर खरंच लिहिलेलं होतं, कुणी वाचलंच नव्हतं. चार वर्षांनी आकारणी होणार हे कायद्यात आहे, सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे, मग ते पहिल्याच करारात का नाही घातलं हा प्रश्न मी आमच्या सायबांना विचारला होता. तेव्हाचे संगणक अभियंता बदलून गेले होते, नव्यांना काही माहीत नव्हतं.

---

जमाखर्च_निवृत्त

मी लेखापरीक्षणात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. खिडकी ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलंय. मी फक्त आम्ही अशी फाईल हातात आली की काय बघायचो ते सांगतो, नदीकाठच्या दादांना उपयोग होईल.

पहिलं, वॉरंटी कधी सुरू झाली आणि कधी संपली. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये नियम १६९ आहे देखभाल कराराचा, त्यात स्वच्छ म्हटलंय की वॉरंटीच्या काळात पुरवठादाराने देखभाल मोफत करायची आणि पैसे देऊन होणारी देखभाल त्यानंतरच सुरू व्हावी. तो नियम केंद्राच्या कार्यालयांना लागू, राज्यात आणि नगरपरिषदेत आपले वेगळे नियम आहेत, पण तत्त्व तेच. आता मेख अशी की वॉरंटी कुठल्या तारखेपासून मोजली? माल पोचला त्या तारखेपासून, की सॉफ्टवेअर खरोखर चालू झालं त्या तारखेपासून? मी अशा फाईली बघितल्यात की सीडी मार्चमध्ये आली, निधी परत जाऊ नये म्हणून ३१ मार्चच्या आत बिल निघालं, आणि प्रत्यक्ष काम चालू झालं पुढच्या जानेवारीत. वॉरंटीचे दहा महिने डब्यात पडून गेले आणि लगेच एप्रिलपासून एएमसी लागू. तुमच्याकडे २०१४ ची कार्यान्वयनाची तारीख काय आहे ते आधी बघा.

दुसरं, संख्या. किती युजरचं लायसन्स घेतलं आणि किती माणसं वापरतात. टक्केवारी ही मूळ किमतीवर असते त्यामुळे मूळ खरेदीत संख्या फुगवलेली असेल तर ती चूक दरवर्षी नव्याने भरत राहावी लागते. एका कार्यालयात मला ६० लायसन्सची देखभाल दिसली आणि डेड स्टॉक रजिस्टरला (कार्यालयातल्या वस्तूंच्या नोंदवहीला) चालू कॉम्प्युटर २२. बाकीचे निर्लेखित होऊन भंगारात गेलेले, त्यांच्या नावाची देखभाल मात्र चालूच, कारण नूतनीकरणाची टिपणी मागच्या वर्षीची काढून तारीख बदलून टाकायची पद्धत. कुणी खिशात घातले असं मला कधी सिद्ध करता आलं नाही, आणि बहुतेक ठिकाणी तसं नव्हतंही. मोजायचं काम कुणाच्याच टेबलावर नव्हतं.

तिसरं, पैसे आगाऊ दिले की काम झाल्यावर. तिमाही संपल्यावर, सर्व्हिस रिपोर्ट आणि तक्रार नोंदवही बघून पैसे द्यायचे ही चांगली पद्धत. मोठ्या परदेशी कंपन्या लायसन्स सपोर्टचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच घेतात, तिथे इलाज नसतो, पण गावातल्या घरपट्टीच्या सॉफ्टवेअरला वर्षभराचे आगाऊ कशाला?

चौथं, निविदा का नाही. फाईलमध्ये "एकमेव पुरवठादार" असं प्रमाणपत्र असेल, ते कुणी दिलं ते बघा. पुष्कळदा ते कंपनीनेच स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं असतं आणि कार्यालयाने ते जोडून टाकलेलं असतं. कार्यालयाने स्वतः विचार करून, दुसरा कुणी करू शकत नाही अशी खात्री करून ते द्यायचं असतं. १ डिसेंबर २०१६ चा उद्योग विभागाचा शासन निर्णय आहे खरेदीच्या कार्यपद्धतीचा, तो डाउनलोड करून वाचा, मराठीत आहे, कठीण नाही.

राज्य सरकारच्या कार्यालयांत हा खर्च "१७ संगणक खर्च" या शीर्षाखाली जातो, त्यामुळे अंदाजपत्रकात तुम्हाला एकच आकडा दिसतो. त्यात टोनर पण आला, नवीन पीसी पण आला आणि लायसन्स पण. बाहेरून बघणाऱ्याला वेगळं काढता येत नाही. ही मला नोकरीत असल्यापासूनची खंत आहे.

---

नदीकाठचा_रहिवासी

सगळ्यांचे मनापासून आभार, खिडकी ताईंचं वाचून गलबलून आलं. मी आज कागद परत काढले. दोन गोष्टी सापडल्या. एक, करारात "५० युजर" लिहिलंय. आमच्या नगरपरिषदेत कर विभागात ७ जण आहेत, पाणीपट्टीचे ३, आणि नागरी सुविधा केंद्रात २. बाकीचे ३८ कोण हे मला कळेना. दुसरी, जमाखर्च साहेबांनी सांगितलं ते कार्यान्वयनाचं प्रमाणपत्रच मिळालेल्या कागदांत नाही. २०१४ चं बिल २६ मार्चचं आहे हे मात्र दिसतंय.

आणि एक शंका. करारात एक वाक्य आहे की "सोर्स कोड व त्यावरील सर्व हक्क पुरवठादाराकडे राहतील". मग आमचा डेटा? गावातल्या सगळ्या घरांची मापं, मालकांची नावं, भरलेले पैसे, ते कुणाचं? उद्या दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं ठरलं तर ते मिळतं का परत?

---

डीबीए_हडपसर

काका, माझ्या मते आता तुम्ही मूळ दुखण्यावर बोट ठेवलंत. डेटा नगरपरिषदेचाच, त्यात वादच नाही. पण तो कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत द्यायचा, टेबलांचा नकाशा द्यायचा की नाही, हे करारात लिहिलेलं नसेल तर प्रत्यक्षात तो कंपनीच्या ताब्यात असल्यासारखाच. मी स्वतः एका ठिकाणी स्थलांतराचं काम केलं, जुन्या व्हेंडरने डेटाबेसचा डंप म्हणजे सगळ्या डेटाची एक फाईल दिली, पण ८०० च्या वर टेबलं, नावं टी०१ टी०२ अशी, कुठल्या रकान्यात काय आहे त्याचा एक कागद नाही. थकबाकीची बेरीज जुळवायला चार महिने गेले. त्या भीतीपोटीच ऑफिसं दरवर्षी वाढीव बिलावर सही करतात. तुमच्या ३४ लाखांतला मोठा भाग मला त्या भीतीचाच दिसतो, देखभालीचा खर्च त्याहून बराच कमी असणार.

म्हणून करार करतानाच लिहून घ्यावं लागतं की दर सहा महिन्यांनी पूर्ण डेटा वाचता येईल अशा फाईलमध्ये नगरपरिषदेच्या स्वतःच्या हार्डडिस्कवर द्यायचा आणि दुसऱ्या मशीनवर चढवून दाखवायचा. नुसता बॅकअप घेतला म्हणून उपयोग नाही, तो परत चढतो का ते बघितलं पाहिजे. हे एक कलम असतं तर खिडकी ताईंच्या इथले ते तीन दिवस एका दुपारीत निभावले असते.

---

ईसार_किनारी

मी मूळची साताऱ्याची, जर्मनीत म्युनिकमध्ये राहते, आयटीतच आहे. इथलं उदाहरण सांगते कारण कुणीतरी "ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो ते सॉफ्टवेअर) वापरा, फुकट आहे" असं लिहिणारच, त्याआधीच.

म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये ठरवलं की विंडोज एनटीचा सपोर्ट संपतोय तर पुढच्या लायसन्सच्या मागे न लागता लिनक्स या ओपन सोर्स सिस्टिमवर जायचं. प्रकल्पाचं नाव लिमक्स. दहा वर्षं लागली, २०१३ च्या अखेरीस सुमारे १५ हजार पीसी त्यावर आले. आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा निर्णय झाला. लोक यावरून दोन्ही बाजूंनी भांडतात. माझं मत असं की लिनक्स वाईट होतं म्हणून हे झालं नाही, महापालिकेच्या आयटी विभागाची रचनाच विस्कळीत होती, आणि जे काही बिघडलं त्याचं खापर लिनक्सवर फुटलं. आता उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीसेक हजार कॉम्प्युटर लिब्रेऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरवर न्यायचं जाहीर केलंय, त्यांनी म्युनिकवरून काय धडा घेतला ते मी उत्सुकतेने बघतेय.

आपल्याकडेही केंद्राचं २०१५ चं धोरण आहे की सरकारी प्रकल्पात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं आणि नाही घेतलं तर का नाही ते लिहायचं. केरळात सरकारी शाळांत कितीतरी वर्षं मुलं लिनक्सवर शिकतायत. आणि तुमच्या प्रश्नाशी थेट जुळणारं म्हणजे डिजिट नावाचा ओपन सोर्स प्लॅटफॉर्म, ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनचा, घरपट्टी पाणीपट्टी परवाने सगळं त्यात आहे, पंजाबच्या नगरपालिका एमसेवा नावाने तो वापरतात. लायसन्सचे पैसे नाहीत. पण तो बसवायला, चालवायला, तुमच्या आकारणीच्या नियमाप्रमाणे बदलायला माणसं लागणारच, त्यांचा पगार लागणार. फरक एवढा की एकाचं काम आवडलं नाही तर दुसऱ्याला बोलावता येतं, कोड समोर असतो.

---

जमाखर्च_निवृत्त

ईसार ताईंशी सहमत, पण एक सावधगिरी. क वर्ग नगरपरिषदेत एकच संगणक अभियंता असतो, कधी तोही दोन नगरपरिषदा सांभाळतो. त्याच्याकडून लिनक्स सर्व्हर चालवायची अपेक्षा धरू नका. असं काम राज्य पातळीवर एकदाच करून सगळ्यांना दिलं तरच परवडतं. आपल्याच राज्यात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने दस्त नोंदणीसाठी सरिता नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, सातबाराच्या ई-फेरफारचं काम एनआयसी या केंद्राच्या संस्थेने केलं. प्रत्येक तालुक्याने आपापली खरेदी केली असती तर काय झालं असतं विचार करा. त्यांच्याबद्दलही तक्रारी आहेत, सर्व्हर डाउन असला की तलाठी कार्यालयात काय होतं ते मलाही माहितीये, पण निदान ३५८ तालुक्यांनी ३५८ करार केले नाहीत.

आणि लायसन्स मोजण्याबद्दल, हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा आयटीवरचा खर्च वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या वर आणि त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास खर्च आहे त्याच सिस्टिम चालू ठेवण्यावर जातो. तिथे २०१६ मध्ये मेगाबाइट नावाचा कायदाच केला की प्रत्येक खात्याने आपल्याकडच्या सॉफ्टवेअर लायसन्सची यादी ठेवायची. इतक्या मोठ्या सरकारला यादी करा म्हणून कायदा करावा लागला.

---

अर्ज_नमुना

मी माहिती अधिकाराचे अर्ज बरेच केलेत, काकांना थोडं त्याबद्दल. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून "सॉफ्टवेअरचा सगळा खर्च द्या" असं लिहू नका, ते बिलांचे झेरॉक्स देऊन मोकळे होतात, तुमच्या बाबतीत तेच झालंय. आता नेमकं मागा. एक, मूळ करार सर्व परिशिष्टांसह. दोन, कार्यान्वयन प्रमाणपत्र. तीन, लायसन्स संख्या ठरवतानाची टिपणी. चार, मागच्या तीन वर्षांतले सर्व्हिस रिपोर्ट आणि तक्रार नोंदवही. पाच, एकमेव पुरवठादार म्हणून काढलेलं प्रमाणपत्र. विषय एकच ठेवा, "घरपट्टी सॉफ्टवेअर देखभाल करार". १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. "व्यावसायिक गोपनीयता" असं कारण देऊन करार नाकारला तर घाबरू नका, ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा, लोकांच्या पैशातून किती दर दिला हे गुपित असू शकत नाही असं मी प्रत्येक वेळी मांडतो.

पण त्याआधी एक सोपं करा. राज्य सरकारचं २०१८ चं परिपत्रक आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. अर्ज करून महिनाभर थांबण्यापेक्षा सोमवारी जा आणि पूर्ण नस्ती म्हणजे फाईल डोळ्यांनी बघा. नस्तीत टिपणीची बाजू असते, डावीकडची, तिथे कुणी काय शेरा मारला ते दिसतं. पत्रव्यवहाराची बाजू बघून समाधान मानू नका.

---

खिडकी_क्रमांक_३

काका सोमवारी गेलात तर कर विभागातल्या खिडकीवरच्या माणसाशी पण बोला, चौकशी म्हणून नको, असंच. शेवटचा बिघाड कधी झाला, कुणी दुरुस्त केला, किती वेळ लागला, हे त्यांना तोंडपाठ असतं. नोंदवहीत नसलं तरी. आणि त्यांचं नाव कुठे घेऊ नका प्लीज.

---

नदीकाठचा_रहिवासी

नाव घेणार नाही ताई, शब्द दिला.

या सोमवारी जाऊन आलो. आधी म्हणाले साहेब नाहीत, मग परिपत्रकाचा प्रिंट दाखवला तर बसायला खुर्ची दिली आणि नस्ती आणून दिली, माणसं चांगली होती. कार्यान्वयन प्रमाणपत्र सापडलं, ११ डिसेंबर २०१४ चं. वॉरंटी मोजलीय २६ मार्च २०१४ पासून. म्हणजे साडेआठ महिने तसेच गेले, जमाखर्च साहेब म्हणाले तसंच. ५० युजरच्या टिपणीवर एवढंच लिहिलंय, "भविष्यातील गरज लक्षात घेऊन". आणि २०१९ मध्ये कुणीतरी डाव्या बाजूला पेनने शेरा मारलाय, "दरवाढीचे समर्थन सादर करावे". त्याखाली उत्तर नाही, पुढच्या पानावर मंजुरी आहे.

आताचा करार येत्या मार्चमध्ये संपतोय. आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकेला हे सगळं एका कागदावर लिहून दिलंय. युजर मोजा, १० टक्के वाढ काढा, फेरआकारणीचे बदल करारात घाला, आणि डेटा सहा महिन्यांनी आपल्या डिस्कवर उतरवून दाखवा. त्या म्हणाल्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेते. सभा झाली की इथे लिहितो. डीबीए साहेब, ते डेटाचं कलम नेमक्या शब्दांत लिहून द्याल का, सरकारी मराठीत बसेल असं?

---

डीबीए_हडपसर

देतो काका, आज रात्री लिहून टाकतो. जमाखर्च साहेब, तुम्ही एकदा नजर टाकाल का त्यावरून, माझं मराठी फाईलमध्ये चालणारं नाही.

---

जमाखर्च_निवृत्त

टाका. सोबत हेही घाला की करार संपल्यावर ६० दिवसांत रकान्यांच्या वर्णनासह डेटा हस्तांतरित झाल्याशिवाय सुरक्षा अनामत परत मिळणार नाही. अनामतीला जोडल्याशिवाय ते कलम कुणी पाळत नाही.